आपल्या प्रदेशातील मराठ्यांच्या समाध्या

जेथे वीरपुरुषास अग्नी दिला जातो, तेथे समाधी किंवा छत्री बांधण्याची आपली जुनी रीत आहे. १७३७ साली ज्यांनी निजामास याच भोपाळात कोंडले आणि पुढल्या जानेवारीत दोराह्यास तह करावयास लावला, ते थोरले बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडीस निवर्तले. पुणे दूरच राहिले! तेथे त्यांची दगडी समाधी आहे. त्यांचे सरदार राणोजी शिंदे १७४५ साली शुजालपुरास वारले, छत्रीही तेथेच. मल्हारराव होळकरांची (मृत्यू १७६६) छत्री आलमपुरास सूनबाई अहिल्याबाईंनी बांधविली. शनिवारवाडा आम्ही हौसेने पाहून येतो. जवाहर चौकाहून जवळचे शुजालपूर मात्र आमच्यापैकी किती जणांनी पाहिले आहे?