चालकयंत्राविना दीर्घिकेचे छायाचित्रण : हिंगणघाट येथील एक अनुभव

देवयानी तारकासमूहातील महादीर्घिका सुमारे २५ लक्ष प्रकाशवर्षे दूर असूनही काळोख्या रात्री नुसत्या डोळ्यांना दिसते. तिचा आकाशातील विस्तार तीन अंशांचा, म्हणजे चंद्रबिंबाच्या सहापट आहे. तेव्हा तिच्या छायाचित्रणातील खरी अडचण तिचे लहानपण नसून तिचा मंद प्रकाश ही होय. तो साठवावयाचा तर उद्भासन दीर्घ हवे. आणि उद्भासन दीर्घ केले की पृथ्वीचे परिवलन आड येते. आयझॅक रॉबर्ट्‌स यांनी १८८८ साली वीस इंची परावर्ती दुर्बिणीने काही तासांचे उद्भासन देऊन या दीर्घिकेची सर्पिल रचना दाखविली, त्या यशात दुर्बीण आकाशाबरोबर फिरविणाऱ्या घटीयंत्राचा वाटा मोठा होता. (तितक्याच व्यासाची, ग्रब यांच्याच कारखान्यातील दुर्बीण पुढे पुण्यास कावसजी दादाभाई नेगामवाला यांच्या वेधशाळेत होती, १९१२ साली ती वेधशाळा बंद झाल्यावर कोडाईकनालला गेली.)

नोव्हेंबरअखेरीस आम्ही हिंगणघाटच्या बाहेर, वणा नदीपलीकडील एका कपाशीच्या शेतात उपकरणे मांडली. येथील अक्षांश २०.५, दीर्घिकेची क्रांती ४१.३ अंश. रात्री साडेआठच्या सुमारास ती याम्योत्तर वृत्तावर, उत्तर क्षितिजापासून ६९ अंश उंचीवर येते. त्यामुळे सत्तर किलोमीटरांवरील नागपूरचा उजेड तिला बाधत नाही. ध्रुवतारा मात्र जेमतेम वीस अंशांवर, त्या उजेडात व शेतावरच्या धुरकटीत सापडतो. तो कसाबसा साधला, आणि चालकयंत्राची मोटर बंद पडली. ती पुन्हा सुरू झाली नाही.

सोबत विद्यार्थ्यांना दाखविण्यासाठी आणलेली बिजागरीची फळी होती. दोन फळ्या, मध्ये बिजागरी, आणि खालची फळी भेदून वरचीला उचलणारा स्क्रू. जॉर्ज हेग यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेली ही युक्ती. बिजागरीचा आस ध्रुवाकडे रोखावयाचा. स्क्रूचा आटा एक मिलिमीटरचा असेल व तो बिजागरीपासून २२८.५ मिलिमीटरांवर असेल, तर मिनिटाला एक फेरा दिला असता वरची फळी नाक्षत्र गतीने फिरते.

हे कागदावर ठीक आहे. हाताने फेरा एकसारखा पडत नाही. स्क्रू दर सेकंदाला एकसाष्टांश फेरा असा टप्प्याटप्प्याने फिरविला, तर दोन टप्प्यांच्या मधल्या वेळात दीर्घिका ११ विकला सरकते. आमचे भिंग १३५ मिलिमीटर नाभीय अंतराचे. त्यावर कॅमेऱ्याचा एक चित्रकण ६ विकलांचा, म्हणजे प्रत्येक तारा दोन चित्रकण पुसट होणार. आम्ही ५० मिलिमीटरचे भिंग लावले. चित्रकण १६ विकलांचा झाला आणि हाताचे धक्के त्याच्या आत सामावले. किंमतही द्यावी लागली : सात मिलिमीटर लांब उमटणारी दीर्घिका आता अडीच मिलिमीटरांवर आली. मोठे पण पुसट चित्र घेण्यापेक्षा हे बरे, असे आमचे मत. सहकाऱ्यांपैकी एकाला ते अजून मान्य नाही.

इतर दोष या मापात नगण्य ठरतात. सरळ स्क्रूमुळे येणारी गतीतील चूक दहा मिनिटांत सुमारे ६ विकला होते. तेवढ्या वेळाने स्क्रू उलटा फिरवून आरंभास आणावा. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून सुमारे दोन-तृतीयांश अंश दूर असल्याने त्याच्यावरच आस रोखला तरी मिनिटाला फार तर १० विकलांचे सरकणे होते. यास्तव उद्भासन एकेक मिनिटाचेच ठेवले.

स्क्रूच्या मुठीवर कागदाची तबकडी डकवून तिच्यावर साठ खुणा केल्या. एकाने घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे पाहून मोठ्याने मोजावे, दुसऱ्याने खुणेमागून खूण मूठ फिरवावी. छत्तीस चित्रे घेतली. अकरा बाद झाली, बहुतेक मूठ फिरविणाऱ्याचा हात आखडल्यामुळे, दोन रस्त्यावरील ट्रकच्या दिव्यांमुळे. उरलेल्या पंचवीसांची बेरीज केल्यावर संकेत व कोलाहल यांचे गुणोत्तर एका चित्राच्या पाचपट झाले. दीर्घिकेचा लंबगोल, तिच्या वायव्य कडेचा धूळपट्टा आणि दोन्ही लहान सोबती दीर्घिका तीत वेगळ्या ओळखता येतात. साडेदहाला भिंगावर दव धरले व काम थांबवावे लागले.