साखर १४०, पण केव्हाची?

रक्ताच्या रिपोर्टवर नुसते ‘साखर १४०’ लिहिलेले असेल, तर डॉक्टरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: उपाशीपोटीची की जेवणानंतरची? उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त आकडा पुन्हा तपासूनही तसाच आला तर तो मधुमेह धरला जातो. जेवणानंतर दोन तासांनी १४० आली तर एवढे घाबरण्याचे कारण नसते. कागदावर हा खुलासा नसला तरी काम अडत नाही, कारण पेशंट समोरच बसलेला असतो, त्याला विचारता येते. तोच आकडा संगणकातून दुसऱ्या गावातल्या हॉस्पिटलच्या पडद्यावर उमटतो, तेव्हा विचारायला कोणी नसते. मग तो रक्तातला की लघवीतला, कोणत्या एककात मोजलेला, कधी घेतलेला, ही सगळी माहिती आकड्याला चिकटूनच जावी लागते. अमेरिकेतल्या रेगनस्ट्रीफ इन्स्टिट्यूटने १९९४ साली सुरू केलेल्या ‘लॉइंक’ या संकेतसंचात म्हणूनच उपाशीपोटीच्या साखरेला एक संकेतांक आहे आणि जेवणानंतरच्या साखरेला वेगळा. आपल्या लॅबच्या यादीतल्या कोणत्या तपासणीला यातला कोणता संकेतांक लावायचा, हे ठरवणाऱ्याला प्रयोगशाळाही कळावी लागते आणि डेटाबेसही. अशी माणसे तयार करणाऱ्या विद्याशाखेचे नाव हेल्थ इन्फर्मेटिक्स.

आपल्याकडे या शाखेकडे जो तो आपापल्या सोयीने बघतो. इंजिनिअरिंगच्या मुलांना ती आयटीची पोटशाखा वाटते. बीएएमएस, बीडीएस किंवा फार्मसी झालेल्यांना ती प्रॅक्टिसमधून सुटकेची वाट वाटते. क्लासवाले तर मेडिकल कोडिंगचा काही महिन्यांचा कोर्सही याच नावाने विकतात. कोडिंग म्हणजे डॉक्टरांच्या नोंदी वाचून विम्याच्या बिलासाठी त्यांना ठरलेले संकेतांक देणे. काम प्रामाणिक आहे, पण ते या विषयाचे एक टोक झाले. माझ्या मते हेल्थ इन्फर्मेटिक्स ही मुळात संगणकाची विद्या नव्हेच. हॉस्पिटलात काम प्रत्यक्षात कसे चालते ते ओळखून माहितीची व्यवस्था त्याला जुळवून घेणे, हा तिचा गाभा. हे पटले तर शिक्षण कुठे घ्यावे आणि नोकरी कुठे शोधावी, याची उत्तरे बरीच बदलतात.

याचा सर्वांत बोचरा पुरावा अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या मुलांच्या हॉस्पिटलातला आहे. तिथे २००२ साली औषधांच्या आणि तपासण्यांच्या ऑर्डर संगणकावरून देण्याची पद्धत सुरू झाली. सगळे हॉस्पिटल अवघ्या सहा दिवसांत नव्या पद्धतीवर गेले. २००५ साली ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात त्याचा अभ्यास छापून आला. दुसरीकडून तातडीने हलवून आणलेल्या मुलांमधले मृत्यूचे प्रमाण आधी २.८० टक्के होते, ते नंतर ६.५७ टक्के झाले होते. संगणक बंद पडला नव्हता, तो सांगितल्याप्रमाणेच चालत होता. मात्र पूर्वी मूल वाटेत असतानाच डॉक्टर औषधे लिहून ठेवत आणि ते पोचेपर्यंत सगळे तयार असे. नव्या पद्धतीत मूल दारात येऊन त्याची नोंदणी होईपर्यंत ऑर्डर देताच येईना. हाताने काही सेकंदांत लिहून होणाऱ्या ऑर्डरला दहाएक क्लिक आणि एक-दोन मिनिटे लागू लागली. अतिदक्षता विभागात हाताशी असलेली औषधे मध्यवर्ती फार्मसीकडे गेली. डॉक्टर पडद्यासमोर अडकले आणि खाटेपाशी नर्सशी होणारे त्यांचे बोलणे कमी झाले. प्रत्येक बदल बैठकीत मांडला असता तर किरकोळ वाटला असता.

दुसऱ्याच वर्षी, त्याच नियतकालिकात, सिएटलच्या मुलांच्या हॉस्पिटलाचा अनुभव प्रसिद्ध झाला. प्रणाली त्याच कंपनीची, विभागही अतिदक्षतेचाच, पण तिथे मृत्यू वाढले नाहीत. नेहमीच्या आजारांसाठी लागणाऱ्या ऑर्डरचे संच तिथे आधीच बांधून ठेवले होते. पिट्सबर्गच्या अभ्यासावर टीका झाली आणि ती रास्त आहे: आधी-नंतरची तुलना, त्यातही नंतरचे फक्त पाच महिने, तेवढ्यावरून संगणकाला दोषी ठरवता येत नाही. पण दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले की निष्कर्ष निसटत नाही. सॉफ्टवेअर तेच असताना निकाल वेगळा येत असेल, तर फरक सॉफ्टवेअरच्या बाहेर आहे, आणि तिथे काम करणारा माणूस वेगळा शिकलेला असावा लागतो.

अमेरिकेला हे पुरेसे उमगायला वेळ लागला. २००९च्या हायटेक कायद्याने हॉस्पिटलांना आणि डॉक्टरांना डिजिटल नोंदींसाठी अब्जावधी डॉलरचे प्रोत्साहन दिले, आणि यंत्रे आधी आली, ती जुळवून घेणारी माणसे मागून. २०१३ पासून तिथल्या डॉक्टरांना क्लिनिकल इन्फर्मेटिक्स या उपशाखेत रीतसर बोर्डाची परीक्षा देता येते. डॉक्टर नसलेल्यांसाठी मास्टर्स आहेच, साधारण दोन वर्षांचे. युटा आणि ओरेगॉन या तिथल्या जुन्या, नावाजलेल्या जागा. परदेशी जाणाऱ्या मुलांनी एक बारकावा ध्यानात ठेवावा. ‘हेल्थ इन्फर्मेटिक्स’ आणि ‘हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंट’ हे दोन निराळे अभ्यासक्रम आहेत. दुसऱ्याचा भर नोंदी सांभाळणे, कोडिंग आणि नियमपालन यांवर असतो. ‘कॅहीम’ ही मान्यता देणारी संस्था दोन्हींना मान्यता देते, त्यामुळे नुसता मान्यतेचा शिक्का पाहून कळत नाही. विषयांची यादी वाचावी. संख्याशास्त्र, डेटाबेस, माहितीच्या देवाणघेवाणीचे ‘फायर’ आणि वैद्यकीय शब्दांचे ‘स्नोमेड’ यांसारखी मानके, गोपनीयतेचा कायदा हे सगळीकडे सापडेल. विद्यार्थ्याला वॉर्डात किंवा ओपीडीत नेऊन एक पेशंट आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंत माहिती कुणाच्या हातून कुणाकडे जाते हे टिपायला लावतात का, तेवढे विचारावे. नसेल तर त्या फीमध्ये कॉम्प्युटर सायन्सच शिकलेले बरे.

भारतातले चित्र यापेक्षा गुंतागुंतीचे आहे. डिजिटल नोंदींची मानके सरकारने २०१३ साली जाहीर केली, २०१६ साली सुधारली. २०१४ पासून भारत स्नोमेडचा सदस्य देश आहे, त्यामुळे तो प्रचंड वैद्यकीय शब्दसंग्रह इथे वापरायला वेगळे शुल्क पडत नाही. या मानकांचे राष्ट्रीय केंद्र आपल्या पुण्यातच, सी-डॅकमध्ये आहे, हे पुण्यातल्याही किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे. सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले आणि १४ आकडी ‘आभा’ क्रमांक ७० कोटींहून अधिक लोकांच्या नावे निघाले. पण आभा क्रमांक म्हणजे वैद्यकीय इतिहास नव्हे, तो नुसता पत्ता आहे. त्या पत्त्यावर लॅबचा रिपोर्ट किंवा डिस्चार्ज कार्ड पोचायचे तर प्रत्येक हॉस्पिटलची प्रणाली जोडावी लागते, पेशंटची संमती घ्यावी लागते आणि साखर १४०चा घोळ मुळातच निस्तरावा लागतो. क्यूआर कोड स्कॅन करून केसपेपरची रांग टळते ते छानच, पण त्यातून पुढे जाते ते पेशंटचे नाव आणि वय, त्याचा आजार नाही. उरलेले सगळे काम व्हायचे आहे. शिक्षणाच्या बाजूला आयआयटी मुंबईत कोइता सेंटर फॉर डिजिटल हेल्थ उभे राहिले आहे. हॉस्पिटल व्यवस्थापनाच्या संस्थांतूनही हेल्थ आयटीचे विषय शिकवले जातात.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की, चांगला प्रोग्रामर हे कामावर राहूनच शिकेल, त्याला वेगळी पदवी कशाला? काही जण शिकतातही. प्रश्न असा की त्यांच्या शिकण्याची किंमत कोण मोजतो? बँकेच्या ॲपमधली चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येते. पिट्सबर्गसारख्या ठिकाणी चूक लक्षात यायलाच काही महिने गेले, कारण ती कुठल्याही एका पडद्यावर दिसत नव्हती. डॉक्टरांनाच थोडे कोडिंग शिकवावे हा दुसरा उपायही अपुरा आहे. डॉक्टरला स्वतःचा टप्पा नीट कळतो. नर्स, लॅब टेक्निशियन, फार्मासिस्ट आणि बिलिंगच्या खिडकीवरचा कारकून आपल्या ऑर्डरचे पुढे काय करतात, हे त्याला बहुधा कधीच दिसत नाही. गावोगाव फिरणाऱ्या आशाताईंना तीच माहिती रजिस्टरात लिहून पुन्हा ॲपमध्ये भरावी लागते, तेव्हा तो दोष आशाताईंच्या संगणकसाक्षरतेचा नसतो. व्यवस्था आखताना त्यांना कुणी विचारलेलेच नसते.

‘एआय आले, आता हे सगळे आपोआप होईल’ हा आक्षेप सध्या सर्वांत लोकप्रिय आहे. नोंदी वाचून संकेतांक लावण्याचे बरेच काम यंत्र करेल, हे मान्य. कोडिंगवरच करिअर बेतणाऱ्यांनी त्याची धास्ती घ्यावी. पण एपिक या हॉस्पिटलांचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या अमेरिकेतल्या बलाढ्य कंपनीच्या, सेप्सिस (जंतुसंसर्गातून उद्भवणारी जीवघेणी अवस्था) ओळखणाऱ्या मॉडेलची मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ साली बाहेरून तपासणी केली, तेव्हा त्याने सेप्सिसचे दोन तृतीयांश रुग्ण ओळखलेच नव्हते, आणि तरीही दाखल असलेल्यांपैकी १८ टक्के रुग्णांसाठी धोक्याची घंटा वाजवली होती. हे मॉडेल शेकडो हॉस्पिटलांत चालू होते. ही तपासणी करणे, घंटा किती वेळा आणि कुणाच्या फोनवर वाजावी हे ठरवणे, आणि ती नर्सच्या कानाआड होऊ लागली की ओळखणे, हे काम एआयमुळे वाढणार आहे.

पगाराचा आणि जागांचा आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक हॉस्पिटलांत या नावाचे पदच नाही. ते काम आयटी विभागाचा माणूस, मेडिकल रेकॉर्डचा प्रमुख आणि एखादा हौशी डॉक्टर मिळून कसेबसे ओढतात. खऱ्या जागा आज मुंबई-पुण्याच्या त्या आयटी कंपन्यांत आहेत ज्या अमेरिकी हॉस्पिटलांसाठी आणि विमा कंपन्यांसाठी काम करतात. म्हणजे मिरजेचा विद्यार्थी पुण्यात बसून ओहायोच्या पेशंटची माहिती नीटनेटकी करतो. चित्र हळूहळू सरकते आहे: हॉस्पिटलांना दर्जाचे प्रमाणपत्र देणाऱ्या एनएबीएचने डिजिटल आरोग्याचे वेगळे निकष आणले, २०२३ साली वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर हॅकरांनी बंद पाडून कित्येक दिवस सगळा कारभार कागदावर आणला, तेव्हापासून व्यवस्थापनांनाही भीती बसली आहे. या भीतीतून आधी सायबर सुरक्षेच्या जागा निघतील, मानकांच्या आणि कार्यपद्धतीच्या नंतर. म्हणून आज प्रवेश घेणाऱ्याने पहिली दोन-तीन वर्षे कंपनीत परदेशी प्रणालींवर काढण्याची तयारी ठेवावी. आणि नर्सिंग, फार्मसी किंवा लॅब टेक्नॉलॉजीची पदवी आधीच हातात असेल तर ती बायोडेटाच्या तळाशी न लपवता सगळ्यांत वर लिहावी.