ओलं गवत आणि अर्धी पट्टी

मागच्या लेखांकात पंखावरची हवा सुटली की विमान ‘स्टॉल’ कसं होतं, ते पाहिलं. या आठवड्यात जमिनीवर येऊ, तेही डांबराच्या नव्हे, गवताच्या. युरोप-अमेरिकेत लहान विमानं आजही अशा मैदानांवरून रोज उडतात. तिथल्या उड्डाण-अपघाताचं एक ओळखीचं वर्णन असं: इंजिन ठीक होतं, विमानानं जमीन सोडली, पण ते चढेना, शेवटी कुंपण आलं, नाहीतर झाडं.

इंजिन ठीक असताना हे कसं घडतं? गवतात चाक नुसतं फिरत नाही. ते पाती चिरडतं, मऊ मातीत थोडं रुततं आणि स्वतःच पाडलेल्या खळगीतून सतत वर चढत राहतं. प्रोपेलरचा जोर त्यात खर्च होतो आणि वेग वाढवायला कमी उरतो. ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणानं छोट्या विमानांच्या वैमानिकांसाठी याचे आकडे दिले आहेत: कोरड्या गवतावर उड्डाणाचं अंतर २० टक्क्यांनी वाढतं, ओल्यावर ३० टक्क्यांनी. जमीन भुसभुशीत असेल तर त्यात आणखी वाढ. भिजलेल्या मैदानाशी आपलीही जुनी ओळख आहे. १९३२ साली टाटांची टपालसेवा पुस मॉथसारख्या हलक्या विमानांनी सुरू झाली, पण पावसाळ्यात जुहूचं मैदान पाण्याखाली जाई आणि विमानांना मुक्काम पुण्याला हलवावा लागे.

खरा धोका मात्र एकट्या गवतात नाही. समजा, विमानाच्या पुस्तिकेत पन्नास फूट उंची गाठेपर्यंतचं अंतर ५०० मीटर दिलं आहे. गवत ओलं, म्हणून ६५० झाले. मैदानाला २ टक्के चढ आहे, म्हणून आणखी १० टक्के: ७१५. हवा पुस्तिकेतल्यापेक्षा १० अंशांनी गरम, म्हणजे विरळ. पंख, प्रोपेलर आणि इंजिन तिघांचीही ताकद घटते. पुन्हा १० टक्के: सुमारे ७८५. यावर ते प्राधिकरण १.३३ नं गुणायला सांगतं, कारण पुस्तिकेतला आकडा नव्या विमानानं आणि कसलेल्या वैमानिकानं काढलेला असतो. उत्तर येतं १,०४५ मीटरच्या आसपास. दुपटीहून जास्त! आणि मैदानाच्या कडेला उभं राहून पाहणाऱ्याला यातलं काहीच वेगळं दिसत नाही. गवत हिरवं, चढ डोळ्यांना जाणवेल न जाणवेल इतका, ऊन छान पडलेलं. मला या अपघातांत सर्वांत जास्त हीच गोष्ट बोचते.

त्यात जमीन स्वतः एक फसवणूक करते. विमान जमिनीला अगदी लगटून असतं तेव्हा पंखांच्या टोकांशी उठणारे हवेचे भोवरे जमिनीमुळे दबतात आणि विमानाला मागे ओढणारा रोध कमी होतो. त्यामुळे पुरेसा वेग नसतानाही चाकं सुटतात. वैमानिकाला वाटतं, जमलं. पण पंखाच्या लांबीइतकी उंची गाठायच्या आतच तो आधार निसटतो, विमान जड होतं, समोर झाडं मोठी होत जातात. हात आपोआप दांडा मागे खेचतो, नाक वर जातं, आणि पुढे मागच्या लेखांकातला स्टॉल. योग्य कृती मनाविरुद्धची असते: नाक खाली ठेवून जमिनीलगतच वेग साठवायचा, मग चढायचं. त्यासाठी मात्र समोर जागा उरलेली हवी.

म्हणून वैमानिक एक ठोकताळा वापरतात. अर्धी धावपट्टी संपेपर्यंत उड्डाणाला लागणाऱ्या वेगाच्या ७० टक्के वेग आला नाही, तर थ्रॉटल बंद करून थांबायचं. सारख्या गतीनं वेग वाढत असेल तर लागणारं अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतं, आणि सत्तर टक्क्यांचा वर्ग म्हणजे जवळजवळ निम्मा. अर्धी पट्टी संपली तेव्हा वेग त्याहून कमी असेल, तर उरलेली अर्धी पुरणार नाही.

न्यूयॉर्कजवळच्या रूझवेल्ट फील्डनं याची दोन टोकं पाहिली. २१ सप्टेंबर १९२६ला रने फोंक हा पहिल्या महायुद्धातला नामांकित फ्रेंच वैमानिक तीन इंजिनांचं, खच्चून भरलेलं सिकोर्स्की विमान घेऊन पॅरिसला निघाला. धावताना जादा बसवलेली चाकं मोडली, वेग येईना. विमान थांबलं नाही. पट्टी संपली तिथल्या उतारावरून ते खाली कोसळून पेटलं आणि चौघांपैकी दोघे गेले.

आठ महिन्यांनी, २० मे १९२७ला, त्याच मैदानावर अमेरिकी वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग पॅरिसलाच जायला एका इंजिनाच्या विमानात बसला. वजन सुमारे २,४०० किलो. इतकं ओझं घेऊन ते विमान कधी उडालंच नव्हतं. पावसानं पट्टी चिखलाची, इंजिनाचे फेरे थोडे कमी, सुरुवातीला माणसांना पंखांचे आधारदांडे धरून ढकलावं लागलं. पट्टीच्या मध्यावरची खूण त्यानं मनात पक्की धरली होती; तिथे थांबायचं की जायचं हे ठरणार होतं. खूण गेली तेव्हा ओझं चाकांवरून पंखांवर सरकल्याचं त्याला जाणवलं. विमानानं जमीन सोडली, पण त्यानं ते लगेच वर ओढलं नाही, पुन्हा टेकू दिलं. ते उसळलं, परत टेकलं आणि मगच उठलं. पट्टीपलीकडच्या टेलिफोनच्या तारा चाकांखालून गेल्या, जेमतेम वीस फुटांवरून.