रोमन मद्यकुंभ की डांबरी कुंभ? : एका खापराची साक्ष

सातवाहनकालीन स्थळांच्या उत्खननवृत्तांतांत 'अँफोरा' ही संज्ञा वारंवार आढळते. आपल्याकडील रांजण हे घरात एका जागी रोवून ठेवावयाचे भांडे होय. अँफोरा हा मात्र प्रवासाचा कुंभ. मद्य, तेल, खारविलेल्या माशांचे कालवण असे पदार्थ भरून तो समुद्रमार्गे दूर धाडीत. म्हणून त्याचे एखादे खापर दख्खनच्या पठारावर मिळाले, तर ते दूरदेशीच्या व्यापाराची साक्ष ठरते. ही साक्ष कोणाच्या बाजूची, हे कसे ठरवावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात बॅरिगाझा, म्हणजे भडोच, येथे येणाऱ्या मालात मद्याचा उल्लेख असून त्यात इटालियन मद्यास प्रथम पसंती असल्याचे म्हटले आहे. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे तेर, असेही तो ग्रंथ सांगतो. पुढे १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी नेवासे येथे उत्खनन केले, तेव्हा अँफोऱ्याची खापरे मिळाली. ग्रंथ आणि खापर यांचा मेळ बसला, असे वाटणे स्वाभाविकच होते.

तथापि 'अँफोरा' या एका नावाखाली दोन भिन्न कुंभ नोंदले जात असत. पहिला रोमन कुंभ. त्यास उंच गळा, दोन उभे कान आणि निमुळते बूड असते. जहाजाच्या तळाशी असे कुंभ एकावर एक रचता येत. ओतताना ते टोकच तिसऱ्या मुठीचे काम करी. मद्य झिरपू नये म्हणून आतून चीडवृक्षाच्या राळेचा लेप देत. एका कुंभात सुमारे २६ लिटर मद्य मावे.

दुसऱ्या प्रकारास आज 'टॉर्पेडो कुंभ' म्हणतात. त्यास ना कान, ना गळा. जाड काठ, लांबट अंग आणि आतून डांबराचा जाड काळा लेप. नैसर्गिक डांबर इराक व नैर्ऋत्य इराण येथे विपुल आहे. हे कुंभ त्याच भागातील असून त्यांचा प्रसार मुख्यतः सासानी व आरंभीच्या इस्लामी काळात झाला. भारतातील जुन्या संग्रहांची पुनर्तपासणी करून रॉबर्टा टॉम्बर यांनी २००७ व २००८ मध्ये दाखवून दिले, की रोमन म्हणून नोंदलेल्या खापरांपैकी पुष्कळ खापरे या दुसऱ्या प्रकारची आहेत. घारापुरीची खापरे हे त्याचे ठळक उदाहरण होय.

हा केवळ नावाचा वाद नव्हे. ज्या स्तराचा काळ अशा खापरावरून पहिले शतक ठरविला असेल, तो स्तर काही शतकांनी अलीकडे येऊ शकतो. सातवाहनांच्या जागी वाकाटक किंवा त्यांनंतरचा काळ येतो, आणि व्यापारातील भागीदार इटली न राहता इराणचे आखात ठरते.

मग निर्णय कसा करावा? कान किंवा बूड हाती आल्यास प्रश्न सुटतो. पण बहुधा मिळतो तो अंगाचा तुकडा. अशा वेळी आतील लेप प्रथम पाहावा. तो धुऊन टाकणे हा पुरावा नष्ट करणे होय. राळ आणि डांबर यांचा भेद रासायनिक पृथक्करणाने कळतो. त्यानंतर मातीचा पोत तपासावा. व्हेसुव्हिअसच्या परिसरातील कुंभांत ऑजाइटचे काळे ज्वालामुखीजन्य कण दिसतात. परंतु येथे दख्खनच्या अभ्यासकाने विशेष सावध राहिले पाहिजे. आपला काळा पाषाणही ज्वालामुखीजन्यच असून त्यातही ऑजाइट आहे. केवळ काळे कण दिसले म्हणून खापर इटलीचे ठरत नाही. त्याचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहून खनिजांचा संपूर्ण समूह ताडून पाहावा लागतो.

याचा अर्थ रोमशी व्यापार नव्हता, असा मुळीच नाही. अस्सल रोमन कुंभांची खापरेही भारतात निश्चितपणे ओळखली गेली आहेत. मात्र ग्रंथातील मजकूर मनात धरून खापराकडे पाहिले, तर खापर तोच मजकूर पुन्हा बोलू लागते. नव्या चरात उतरणाऱ्यांनी, तसेच जुने संग्रह पुन्हा उघडून पाहणाऱ्यांनी, प्रथम खापराची साक्ष नोंदवावी; पेरिप्लस त्यानंतर उघडावा.