चौसष्ट किलोबाइटांचे बिऱ्हाड

ज्या घरांतील मुलगे, सुना अथवा जावई कामानिमित्त प्रत्यही हिंजवडीस जातात, त्या घरांतील वडील मंडळींच्या कानी 'मेमरी कमी पडली' हे वाक्य केव्हा ना केव्हा पडलेच असेल. मुळशी तालुक्यातील या गावी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने राजीव गांधी इन्फोटेक पार्क वसविले, आणि तेथील पुष्कळसे काम आज युनिक्सच्या कुळातील लिनक्स या प्रणालीवर चालते. यंत्रांची स्मृती गिगाबाइटांनी मोजण्याइतकी विपुल. मग ही टंचाई कसली, असा प्रश्न सुज्ञ वाचकांस पडणे साहजिक आहे. उत्तरासाठी मात्र बरेच मागे जावे लागते.

युनिक्स जन्मास आली १९६९ साली, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत. केन थॉम्सन व डेनिस रिची हे तिचे जनक. १९७१ साली पीडीपी-११ या यंत्रावर ती नांदू लागली, तेव्हा त्या यंत्राची एकंदर स्मृती होती २४ किलोबाइट! त्यांतील १६ किलोबाइट प्रणालीने स्वतःस ठेवून घेतले व उरलेल्या ८ किलोबाइटांत वापरणाऱ्यांची कामे उरकावी लागत. तिच्या आज्ञांची नावे दोन-दोन अक्षरांची का, हे या दारिद्र्याकडे पाहिले म्हणजे थोडेबहुत उमगते. नक्कल करावयाची तर 'सीपी', हलवावयाचे तर 'एमव्ही', यादी हवी तर 'एलएस'. अर्धी मात्रा वाचली तरी हर्ष मानणाऱ्या आमच्या वैयाकरणांस हे गृहस्थ आपलेच वाटले असते. सर्व स्वरांस मिळून 'अच्' व सर्व व्यंजनांस मिळून 'हल्' म्हणणारा पाणिनी याच जातीचा काटकसरी होता.

परंतु युनिक्सची खरी गरज केवळ जागेची नव्हती, भिंतींची होती. एका यंत्रावर अनेक जणांनी एकाच वेळी काम करावे, हा तिचा बाणा. पेठेतल्या एखाद्या जुन्या वाड्याची कल्पना करावी. बिऱ्हाडे अनेक, विहीर एक, पण प्रत्येकाच्या खोलीस दार व कडी. एकाच्या घरात भांडण झाले, तरी दुसऱ्याच्या देवघरातील समई विझता कामा नये. मोठ्या यंत्रांत ही दारे प्रत्यक्ष यंत्रातच बसविलेली असत; एका आज्ञावलीने दुसरीच्या स्मृतीत हात घातला, की यंत्रच तिला अडवी.

१९८१ च्या ऑगस्टात आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्यातील ८०८८ या प्रोसेसरास पत्ता लिहिण्यास वीस अंक होते, म्हणून त्यास १०,४८,५७६ बाइट, म्हणजे एक मेगाबाइट एवढीच वस्ती ओळखता येई. पैकी वरचा भाग पडदा व इतर यंत्रसामग्रीसाठी राखीव; आज्ञावल्यांस राहिले ६४० किलोबाइट. त्यातही एका वेळी सलग दिसे तो केवळ ६४ किलोबाइटांचा, म्हणजे ६५,५३६ बाइटांचा तुकडा. आणि खोल्यांस दारे मुळीच नव्हती. कोणतीही आज्ञावली कोणाच्याही खोलीत, किंबहुना थेट मालकाच्या तिजोरीत शिरू शके.

अशा वाड्यात युनिक्सचा संसार थाटण्याचे प्रयत्न तरीही झाले. मायक्रोसॉफ्टची झेनिक्स आली. १९८४ साली आयबीएमनेही पीसी/आयएक्स नावाची युनिक्स विकावयास काढली. यांपैकी आम्हांस विशेष वाटते ती १९८७ ची मिनिक्स. ॲमस्टरडॅमच्या अँड्र्यू टॅननबाउम या प्राध्यापकाने ती विद्यार्थ्यांस शिकविण्यासाठी लिहिली. तिच्यात प्रत्येक आज्ञावलीस सूचनांसाठी ६४ व सामानासाठी ६४ किलोबाइट, यापलीकडे काही मिळत नसे. हा निव्वळ कंजूषपणा नव्हे. युनिक्समध्ये एक आज्ञावली आपलीच प्रतिकृती उत्पन्न करते व ती दुसऱ्या जागी नेऊन ठेवावी लागते. आज्ञावलीने आपल्या तुकड्याच्या आतच व्यवहार ठेवला, तर प्रोसेसरास तुकड्याचा आरंभ तेवढा नवा सांगितला की सारे बिऱ्हाड एकही भांडे न हलविता दुसऱ्या खोलीत जाते. पण तिने बाहेरचे पत्ते टिपून ठेवले असतील, तर जागा बदलताच ते सारे खोटे ठरतात. चौसष्टांची मर्यादा पाळणे हे या सोयीचे भाडे होते. दारे मात्र तिलाही बसविता आली नाहीत. तेथे शिस्तीवरच भिस्त.

इकडे आपल्या देशी त्याच सुमारास, १९८४ मध्ये, बँकांच्या यांत्रिकीकरणाविषयी रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि पुढील वर्षांत बँकांच्या कचेऱ्यांतून युनिक्सची यंत्रे दिसू लागली. एक पेटी, तिला जोडलेले अनेक पडदे व कळफलक. वाड्याचीच रीत! त्याच सुमारास शाळांस 'क्लास' योजनेतून जे बीबीसी मायक्रो यंत्र मिळाले, त्याची स्मृती ३२ किलोबाइट होती. त्यात युनिक्सचे नावही काढावयास नको.

मराठीचा प्रश्न तर आणखी नाजूक. पुण्यात १९८८ साली सी-डॅक स्थापन झाली आणि कानपूरच्या आयआयटीत जन्मलेले गिस्ट तंत्र तिच्याकडे आले. जोडाक्षरे जुळविण्याचे कष्ट संगणकाच्या मुख्य स्मृतीवर न लादता निराळ्या कार्डावर सोपविण्याची ही युक्ती आम्हांस फार शहाणपणाची वाटते. १९९१ च्या इस्की या प्रमाणलिपीत प्रत्येक चिन्हास एकच बाइट लागे. आजच्या युनिकोडच्या नेहमीच्या लेखनपद्धतीत देवनागरी चिन्ह तीन बाइट घेते. म्हणजे पूर्वीच्या एका तुकड्यात जेथे पासष्ट हजारांवर चिन्हे मावली असती, तेथे आज एकवीस हजार आठशे पंचेचाळीसच मावतील. ही चैन परवडते कारण जागा वाढली.

ती वाढली ८०३८६ मुळे. १९८५ च्या या प्रोसेसरात पत्ता बत्तीस अंकी झाला, चार गिगाबाइटांची वस्ती खुली झाली, आणि मुख्य म्हणजे दारे आली. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने याच प्रोसेसरावर लिनक्स आरंभिली. त्याच्या यंत्रात स्मृती होती चार मेगाबाइट. पण जर्मनीतील कोणा एकाकडे दोनच मेगाबाइट होते व त्यात लिनक्सचे भाषांतर पार पडेना. त्या एका माणसाची अडचण ध्यानी घेऊन, स्मृतीतील न लागणारी पाने तबकडीवर नेऊन ठेवण्याची सोय लिनसने त्या वर्षीच्या नाताळच्या दिवसांत लिहून काढली. स्वतःचे अडत नसता दुसऱ्याच्या दोन मेगाबाइटांसाठी सुटीचे दिवस घालविणारा हा तरुण आम्हांस आवडतो.

आता हिंजवडीची टंचाई. तेथे यंत्र मोठे, पण एका यंत्रावर शेकडो आज्ञावल्या नांदवावयाच्या असतात. म्हणून त्यांस मुद्दाम लहान खोल्या आखून देतात. २००८ सालापासून लिनक्सच्या गाभ्यातच तशी सोय आहे. कोणास २५६ मेगाबाइट, कोणास ५१२. हा आकडा तेथील अभियंताच ठरवितो. फार कमी ठेवला तर काम अडते. फार अधिक ठेवला तर भाडे भरावे लागते, कारण ही यंत्रे बहुधा भाड्याचीच. मर्यादा ओलांडली, की गाभा प्रथम पसारा आवरून जागा होते का पाहतो, आणि न झाल्यास त्या खोलीतील एका आज्ञावलीस निवडून ठार करतो. निवड बहुधा सर्वांत अधिक जागा अडविणारीची होते, मग ती कितीही उपयोगाची असो. नोंदवहीत १३७ हा आकडा उमटतो: १२८ अधिक ९, आणि ९ हा युनिक्समधील 'तत्काळ मार' या संकेताचा क्रमांक. घरातील कोणी १३७ असे पुटपुटत जेवता जेवता लॅपटॉप उघडला, तर आमटी पुन्हा तापवावी लागणार, हे गृहिणींनी समजून असावे.