पानिपत कशावरून समजते?

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर काय घडले, हे आपल्याला कळते तरी कुठून? बहुतेकांच्या मनातले पानिपत बखरीतून आलेले असते. बखर रंगतदार खरी, पण बहुधा घटनेनंतर लिहिलेली; तिच्यातले फौजांचे आकडे आणि सरदारांच्या तोंडची भाषणे जपूनच वाचावीत. वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली वाईला सापडलेल्या कागदांचा पहिला खंड छापला आणि बखरीतली विधाने त्या काळच्या पत्रांशी ताडून पाहिली. लष्करी इतिहासाची पद्धत म्हणतात ती मुळात हीच. पत्र त्या दिवसांतले, त्यामुळे लिहिणाऱ्याला पुढचा शेवट माहीत नसतो. पत्रांतून लढाईपेक्षा पैशाची ओढ, धान्याची टंचाई, अडवलेली रसद जास्त दिसते. आणि सैन्य कशाने खचले, ते तिथेच समजते. तरी पत्रही भाबडेपणाने वाचू नये. खजिना मागणारा आपली अडचण वाढवूनच सांगणार!

मग पलीकडच्या गोटातला साक्षीदार शोधायचा. काशीराज हा मराठ्यांविरुद्ध उभ्या राहिलेल्या शुजाउद्दौलाच्या पदरी होता, तहाच्या बोलण्यांत वावरलेला. त्याची फारसी हकिकत मोलाची आहे, पण ती लिहिली गेली सुमारे वीस वर्षांनी. जुन्या आठवणीत तपशील सरकतात.

या सगळ्याची मांडणी मुळातून पाहायची असेल, तर त्र्यं. शं. शेजवलकरांचे ‘पानिपत : १७६१’ वाचावे. मात्र नकाशा शेजारी उघडा ठेवून.