जमिनीला विचारून बांधलेलं घर

जपान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? बुलेट ट्रेन, रोबो आणि भूकंपात डोलणाऱ्या पण न पडणाऱ्या इमारती! अशा देशात आजही नवीन घराचा पाया खणण्याआधी पुजाऱ्याला बोलावतात, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरंच वाटेना. भूमिपूजनाचा विषय निघाला की आपल्या होस्टेलच्या कट्ट्यावर लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते श्रद्धा, दुसरी म्हणते टाइमपास. म्हणून म्हटलं, वाद घालण्याआधी हा जपानी प्रकार नीट समजून तरी घेऊ.

या विधीचं नाव 'जिचिन्साई'. 'जि' म्हणजे जमीन, 'चिन्' म्हणजे शांत करणं आणि 'साई' म्हणजे उत्सव किंवा पूजा. जमिनीचा एक रक्षक देव असतो, आपण त्याच्या जागेत खणणार, म्हणून आधी त्याला विचारायचं, अशी शिंतो धर्मातली कल्पना. प्रथा किती जुनी? इ.स. 691 मध्ये नवीन राजधानीची जागा शांत करण्यासाठी दूत पाठवल्याची नोंद 'निहोन शोकी' या प्राचीन इतिहासग्रंथात आहे. बौद्ध मंदिरांतही असे विधी होत. नारा शहरातल्या कोफुकुजी मंदिराच्या मुख्य सभागृहाच्या चौथऱ्याखाली 1874 मध्ये सोनं, मोती, आरसे, नाणी अशा पुरलेल्या वस्तू सापडल्या, त्या याच हेतूने ठेवलेल्या.

आता प्रत्यक्ष साइटवर काय चालतं ते बघू. मोकळ्या प्लॉटवर चार हिरवे बांबू रोवतात आणि त्यांना दोरी बांधून चौकोन करतात. दोरीला पांढऱ्या कागदाच्या नागमोडी पट्ट्या लटकवतात. मध्ये 'साकाकी' या सदाहरित झाडाची फांदी उभी करतात, ती देवाची तात्पुरती बैठक. समोर तांदूळ, मीठ, पाणी, साके, मासा, भाज्या आणि फळं. पुजारी सगळ्यांची शुद्धी करतो, देवाला बोलावतो, प्रार्थना म्हणतो आणि मग प्लॉटचे चारही कोपरे शुद्ध करतो. साधारण अर्ध्या तासाचं काम. कॅलेंडरमध्ये 'ताइआन' नावाचा शुभ दिवस बघण्याची पद्धतही आहे. मुहूर्त काय फक्त आपल्याकडेच असतो होय!

पण सिव्हिलवाल्यांनो, खरी गंमत पुढे आहे. एका बाजूला वाळूचा छोटा ढीग करून त्यात गवत खोचलेलं असतं. सर्वसाधारणपणे डिझाइन करणारा विळा घेऊन ते गवत कापल्यासारखं करतो. मग घराचा मालक 'कुवा' म्हणजे आपल्याकडच्या खोऱ्यासारखं अवजार त्या ढिगात तीनदा चालवतो. शेवटी कॉन्ट्रॅक्टर 'सुकी' नावाच्या सरळ पात्याच्या अवजाराने तसंच करतो. प्रत्येक जण 'एइ, एइ, एइ' असं मोठ्याने म्हणतो. म्हणजे डिझायनर, मालक आणि बांधणारा, तिघांनीही एकमेकांसमोर त्या मातीला हात लावला! त्यानंतर सगळे साकाकीची डहाळी वाहतात. दोनदा वाकून, दोन टाळ्या वाजवून, पुन्हा एकदा वाकून नमस्कार करतात. याच सुमारास शेजाऱ्यांकडे छोटीशी भेट घेऊन जायचं आणि 'काही महिने आवाजाचा त्रास होईल, सांभाळून घ्या' असं सांगायचं, हीही रीत आहे.

मग यावर वाद झाला नाही का? झाला, आणि थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. 1965 मध्ये मिए प्रांतातल्या त्सु शहराने व्यायामशाळा बांधताना हा विधी केला आणि त्यावर 7,663 येन सरकारी पैसे खर्च केले. एका नगरसेवकाने खटला भरला. राज्यघटनेने धर्म आणि सरकार वेगळे ठेवले आहेत, मग हा खर्च कसा? जिल्हा न्यायालयात तो हरला, 1971 मध्ये उच्च न्यायालयात जिंकला आणि 1977 मध्ये सुप्रीम कोर्टात 10 विरुद्ध 5 मतांनी पुन्हा हरला. हा विधी आता मुख्यतः सामाजिक रिवाज आहे, असं बहुमताचं म्हणणं. विरोधात मत देणाऱ्या पाच जणांत खुद्द सरन्यायाधीश होते! रक्कम किरकोळ होती, पण ज्याचा यावर विश्वास नाही त्याचाही कर त्यात होता. हा मुद्दा मला आजही महत्त्वाचा वाटतो.

आता आपला प्रश्न. देव शांत झाला म्हणून माती घट्ट होते का? नाही! 1964 च्या निगाता भूकंपात वाळूची जमीन पातळ होऊन काही अपार्टमेंट अक्षरशः आडवी झाली. सॉइल मेकॅनिक्सच्या पुस्तकातला तो फोटो आठवा, तेच लिक्विफॅक्शन. 1981 मध्ये भूकंपाचे नियम कडक झाले. 2000 च्या बदलांनंतर साध्या लाकडी घरासाठीही जमीन तपासणं जवळजवळ अपरिहार्य झालं. त्यासाठी टोकाला स्क्रू असलेला रॉड जमिनीत उभा करून टप्प्याटप्प्याने 100 किलोपर्यंत वजन ठेवतात. आपोआप रुतला नाही तर फिरवतात आणि किती अर्धे फेरे लागले ते मोजतात. जपानी माणूस पूजा करतो, पण ही टेस्ट सोडत नाही.

आणि नियम असूनही घात होतो. 2005 मध्ये तिथे एका आर्किटेक्टने भूकंपाची आकडेमोड खोटी केल्याचं उघड झालं. कितीतरी कुटुंबांना राहती घरं सोडावी लागली. 2007 पासून ठरावीक इमारतींची आकडेमोड दुसऱ्या तज्ज्ञांकडून तपासून घेणं सक्तीचं झालं.

म्हणून मला या विधीत सगळ्यात जास्त आवडला तो विळा. देव माना किंवा मानू नका, तुमचा-माझा प्रश्न तो नाहीच. डिझाइन करणाऱ्याने एसी केबिनमधून उठून साइटवर यावं, ज्या कुटुंबासाठी घर बांधायचं त्यांच्या शेजारी उभं राहावं आणि ती जमीन एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघावी, एवढं तर त्यात नक्की आहे. पुढच्या सबमिशनला मित्राच्या फाइलमधून बेअरिंग कपॅसिटीचा आकडा कॉपी करताना एवढं जरूर आठवा, मित्रांनो. त्या आकड्यावर उद्या कुणीतरी झोपणार आहे.